जाळीतला कापूस

"वरून झाकण असलेलंच घ्यायचं," काका तिसऱ्यांदा म्हणाले. "समोर दार असलं की रोज मशीनला लोटांगण घाला. मला नाही जमायचं."

"तुम्ही आजवर एक रुमाल तरी टाकलाय का मशीनमध्ये, बाबा?" सुनेने विचारलं. ती जमिनीवर पाय पसरून दुकानातून आणलेली पत्रकं चाळत होती. सहावा महिना चालू होता. मांडीवर जागा उरली नव्हती, म्हणून पत्रकं पोटावरच टेकवली होती.

"नसेल टाकला. पण उद्या टाकायची वेळ आली तर?"

सुनेने मान खाली घालून पत्रक उलटलं. आपण काय बोलून गेलो हे काकांच्याही लक्षात आलं असावं, कारण त्यांनी रिकामा कप उचलून पुन्हा तोंडाला लावला.

काकांवर ती वेळ का येणार होती हे घरात सगळ्यांना दिसत होतं. काकू खिडकीपाशी खुर्चीत बसल्या होत्या, पाठीशी दोन उश्या घेऊन. आडवं झालं की दम कोंडायचा, म्हणून गेले तीन महिने त्या झोपतही खुर्चीतच होत्या. समोर गॅलरीत जुनं मशीन उभं होतं, दोन टपांचं. एका टपात कपडे धुवायचे आणि दुसऱ्यात पिळायचे. अकरा दिवसांपूर्वी ते बंद पडलं. बटण दाबलं की नुसतं 'घूं' करायचं आणि गप्प व्हायचं, एखाद्याने बोलायला तोंड उघडावं आणि काय बोलायचं तेच विसरावं तसं. मेकॅनिक आला, त्याने मागचं झाकण काढलं, पाणी जायच्या नळीत हात घातला आणि ओंजळभर पांढरा, ओला, घट्ट बसलेला गोळा बाहेर काढला.

"काकू, उश्या धुता की काय यात?" तो हसत म्हणाला.

काकू हसल्या नाहीत. त्यांनी त्याला तो गोळा होता तसा एका बरणीत टाकायला लावला, वरून पाणी ओतायला लावलं आणि झाकण घट्ट फिरवायला लावलं. मग म्हणाल्या, "हात साबणाने धू. कोपरापर्यंत." लोणचं घातल्यासारखी जपून ठेवलेली ती बरणी गॅलरीच्या कोपऱ्यात होती आणि तिला हात लावायला सगळ्यांना बंदी होती.

मशीन बंद पडल्यापासून मुलाचे कारखान्यातले कपडे सून बादलीत भिजवून हाताने धूत होती. सहाव्या महिन्यात. काकू खुर्चीतून नुसत्या बघत. "झटकू नकोस गं, झटकू नकोस," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत. तेवढ्यानेही त्यांना धाप लागायची.

म्हणून काल सगळे मिळून दुकानात गेले होते. दुकानदाराच्या पोऱ्याने, चांगला चाळिशीचा होता तो, पण दुकानात सगळे त्याला पोऱ्याच म्हणत, काकूंना स्टूल आणून दिलं आणि सुरू झाला. साडेसहा किलो, सात किलो, आठ किलो. लोकरीचं वेगळं, सुतीचं वेगळं. काकूंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "याची जाळी कुठे असते?"

"जाळी?"

"कपड्यातून सुटलेलं अडकतं ती."

"ही काय, खाली. काकू, लोक रंग विचारतात, गॅरंटी विचारतात. जाळी विचारणाऱ्या तुम्हीच पहिल्या."

"आणि जाळीत अडकत नाही ते कुठे जातं?"

"पाण्याबरोबर."

"आणि पाणी?"

"ते आता नगरपालिकेला विचारा," पोऱ्या म्हणाला, आणि काका एवढ्या मोठ्याने हसले की काकूंना आणखी काही विचारताच आलं नाही. पत्रकं घेऊन सगळे परत आले. आज सकाळपासून तेच दळण चालू होतं. झाकण वर की दार समोर.

तेवढ्यात दार वाजलं.

बेल चालू होती, तरी दार वाजवलं होतं. तीनदा, सावकाश. असं दार वाजवणारा माणूस एक तर फार घाबरलेला असतो नाही तर अधिकारावरचा असतो. काकांनी दार उघडलं आणि हात आपोआप शर्ट नीट करायला गेला. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती, पण पाठ अजून ताठ व्हायची ती व्हायचीच.

दारात कारखान्याचे कल्याण अधिकारी उभे होते. कामगार त्यांना कल्याणसाहेब म्हणत. खरं नाव फारसं कोणाला ठाऊक नव्हतं. ज्याच्या घरी ते जातील त्याचं कल्याण झालं म्हणून समजावं, असं पाळीवर गमतीने म्हटलं जाई. माणूस तसा सौम्य, बारीक आवाजाचा. बूट बाहेर काढले, पाय पुसले, "कशी आहे तब्येत, काकू?" म्हणून विचारलंही.

"बसलेय," काकू म्हणाल्या.

साहेबांनी मांडीवरची फाइल उघडली. आतून एक गुळगुळीत कागद निघाला. त्यावर तीन वॉशिंग मशीनची चित्रं होती, आणि तिन्ही काल दुकानात पाहिलेल्यांपेक्षा भारी.

"कंपनीने एक ठरवलंय," ते म्हणाले. "आपल्या माणसांचे कपडे घरच्या बायकांनी इतकी वर्षं धुतले. त्याची जाण ठेवायची. काही घरांना कंपनीतर्फे एकेक मशीन. यातलं कुठलंही निवडा, खाली सही करा. परवा घरपोच."

काकांचा चेहरा असा काही उजळला की काकूंना क्षणभर त्यांची कीव आली. "बघा! आम्ही सकाळपासून यावरच भांडतोय आणि तुम्ही देवासारखे आलात."

"काही घरांना म्हणजे किती?" काकूंनी विचारलं.

"आपल्या गल्लीत चार."

"कुठली चार?"

साहेबांनी सांगितलं. कोपऱ्यावरचं, रंगाऱ्याच्या वरचं, पाण्याच्या टाकीसमोरचं आणि हे. काकूंनी मनातल्या मनात चारही घरांची दारं उघडून आत पाहिलं. कोपऱ्यावरची बाई नळी नाकात घालून बसलेली असते. रंगाऱ्याच्या वरची गेल्या वर्षभरात निम्मी झाली. आणि टाकीसमोरची…

"टाकीसमोरची तर गेली की हो. पावसाळ्याच्या आधीच."

"हो. तिच्या यजमानांना दिलं आम्ही," साहेब हळू आवाजात म्हणाले. "त्यांनी समोरच्या दाराचं निवडलं."

*

गल्लीत काकूंना फटफटकाकू म्हणत. हे नाव मोटारसायकलमुळे पडलेलं नव्हतं.

लग्न होऊन त्या या घरात आल्या तेव्हा काका पत्र्यांच्या कारखान्यात लागून सहा महिने झाले होते. घरांवर घालतात ते नागमोडी सिमेंटचे पत्रे. पहिल्याच संध्याकाळी नवरा घरी आला तो डोक्यापासून पायापर्यंत पांढरा. भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या. नव्या नवरीने दार उघडलं आणि किंचाळली. काका हसून हसून खाली बसले. "अगं, कापूस आहे! सिमेंटमध्ये घालतात. त्याने पत्रा फुटत नाही."

कारखान्यात सगळे त्याला कापूसच म्हणत. कापसाची पोती, कापसाचं खातं, कापूस फोडायची पाळी. दिसायचाही तसाच, मऊ, हलका, धागेधागे सुटणारा. काका कापूस फोडायला होते. हाताने पोती फाडायची आणि आतला गठ्ठा मोकळा करून मशीनमध्ये ढकलायचा. नव्या माणसाला गंमत म्हणून कापसाच्या ढिगात ढकलत, असंही ते सांगत. तोही पांढरा होऊन बाहेर यायचा आणि सगळे टाळ्या पिटायचे.

काकूंचं माहेर स्वच्छतेच्या बाबतीत कडक होतं. त्यांनी पहिल्याच आठवड्यात पद्धत पाडली. नवरा आला की कपडे गॅलरीत काढायचे आणि धुवायच्या आधी कठड्यावर झटकायचे. दोन्ही खांदे चिमटीत धरून, हात डोक्यावर नेऊन, जोर लावून. फट्ट. फट्ट. फट्ट. शर्टाचे बारा, पॅंटचे बारा. पांढरा ढग उठायचा, संध्याकाळच्या उन्हात चमकायचा आणि खाली बसायचा. कपडे न झटकता पाण्यात घातले तर साबण फुकट जातो, हे त्यांना माहेरी शिकवलेलं होतं आणि ते चुकीचंही नव्हतं. समोरच्या घरातली म्हातारी म्हणे, "फटफट झाली, दिवे लावा गं." त्यावरून नाव पडलं. काकूंना त्याचा थोडा अभिमानच होता. गल्लीतल्या दुसऱ्या पत्रेवाल्यांच्या बायका त्यांच्याकडे बघून झटकायला शिकल्या. टाकीसमोरची तर नवी लग्न होऊन आली तेव्हा काकूंनीच तिला कठड्याशी उभी करून दाखवलं होतं. "असं नाही गं, मनगटातून नाही, खांद्यातून."

रिकामी पोतीही घरी यायची. जाड, मजबूत. काकूंनी ती धुऊन पायपुसणी केली, बाळाच्या दुपट्याखाली घातली. मुलगा रांगायला लागला तो त्याच पोत्यावर. मोठा झाल्यावर त्याचा एक खेळ होता. बाप आला की आधी त्याला वळायला लावायचा आणि शर्टाच्या पाठीवर बोटाने अक्षरं काढायची. पहिला 'अ' त्याने पाटीवर नाही काढला, बापाच्या पाठीवर काढला. मग ती पाठ काकू झटकायच्या. फट्ट. अक्षर हवेत.

तीस वर्षं. त्यातली शेवटची नऊ दोन टपांचं मशीन होतं, पण झटकणं सुटलं नाही. उलट जाळी लवकर भरते म्हणून जास्तच जोरात. आणि काका निवृत्त झाले त्याच्या आदल्या वर्षी मुलगा लागला. त्याच खात्यात. नवे, करकरीत, पांढरे कपडे घेऊन घरी आला तेव्हा काकूंना रडू आलं होतं, आनंदाने.

*

खोकला आला तेव्हा त्या कारखान्याच्या दवाखान्यात गेल्या. तिथल्या डॉक्टरांनी न बघताच विचारलं, "घरात धूळ येते का कसली?"

"ह्यांच्या कपड्यातून येते. कापसाची."

डॉक्टरांनी लिहिलं : कापसाच्या धुळीचा त्रास. एक सिरप दिलं, गुलाबी. वर्षभर काकू ते गुलाबी सिरप प्यायल्या. मग एके दिवशी जिना चढताना मधल्या पायरीवर बसल्या त्या उठेचनात.

मोठ्या इस्पितळातल्या छातीच्या डॉक्टर बाई तरुण होत्या, सुनेच्या वयाच्या. आधी बरगड्यांच्या मधून सुई घालून त्यांनी दीड लिटर पाणी काढलं. मग छातीचा फोटो दिव्यासमोर धरला.

"तुम्ही कापडाच्या गिरणीत होता का? जुन्या कागदावर कापूस लिहिलंय."

"नाही हो. मी कधी घराबाहेर काम केलं नाही. ह्यांच्या कारखान्यात पत्रे बनतात."

"पत्र्यात कापूस कशाला घालतील?"

"फुटू नये म्हणून."

बाईंनी फोटो खाली ठेवला. "कपडे कोण धुतं घरी?"

"मी."

"आधी झटकता?"

इतक्या वर्षांत ते पहिल्यांदा कोणीतरी विचारलं होतं. काकू उत्साहाने म्हणाल्या, "रोज. शर्टाचे बारा, पॅंटचे बारा." आणि बाईंच्या तोंडाकडे बघून तिथेच थांबल्या.

मग त्या कापसाला नाव मिळालं. ॲस्बेस्टॉस. काकूंनी ते तीनदा म्हणून बघितलं, जीभ अडखळत होती. बाईंनी काही लपवलं नाही, कारण काकूंनीच लपवू नका म्हणून सांगितलं. फुप्फुसाभोवतीचं आवरण. आता त्यावर फार करण्यासारखं नाही. वर्षभर तरी निघेल असंही म्हणता येणार नाही.

"माझं जाऊ द्या," काकू म्हणाल्या. "माझा मुलगा तिथे आहे. त्याचे कपडे घरी येतात. सून आहे, तिला दिवस गेलेत."

बाई म्हणाल्या, "हे नाव ज्या कारखान्याच्या कागदावर चढतं, त्याला कायद्याने ते कपडे फाटकाबाहेर सोडता येत नाहीत. तिथेच बदलायचे, तिथेच धुवायचे. मी माझ्या कागदावर लिहिलंय आणि त्यांच्या दवाखान्याला पत्रही पाठवते. पण त्यांच्या कागदावर कापूस आहे तोवर ते म्हणणार, कापूस तर आहे, घरी धुवा."

त्या संध्याकाळपासून काकूंनी मुलाला गॅलरीत कपडे काढून थेट बादलीत बुडवायला लावलं. "तिथेच ठेवून येत जा की रे," त्या म्हणाल्या. तो म्हणाला, "कुठे ठेवू, आई? कपाटं कधीच काढून टाकली. आणि मी एकट्याने नाटक केलं तर मला हसतील." बाईंचं पत्र जाऊन वीस दिवस झाले होते. त्याचं उत्तर आलं नव्हतं.

आज आलं होतं. गुळगुळीत कागदावर, तीन चित्रांचं.

*

"मी तर म्हणतो मधलं," काका म्हणाले. "झाकण वर आहे आणि मोठंही आहे. काय गं?"

"बाबा, तिसरं बघा, याला दाराला काच आहे. आत फिरताना दिसतं," सून म्हणाली. तिचा आवाज हलका झाला होता. अकरा दिवस वाकून तिच्या कमरेचे तुकडे पडले होते आणि परवा मशीन येणार होतं. काकूंनी तिच्या लाल झालेल्या बोटांकडे बघितलं. मशीन हवं होतं. हे खोटं नव्हतं.

"सही कुठे करायची?" त्यांनी विचारलं.

साहेबांनी दुसरा कागद पुढे केला. टाईप केलेला, बारीक अक्षरांचा.

"वाच गं," काकू सुनेला म्हणाल्या.

"अहो, त्यात काय वाचायचं, नेहमीचंच असतं," साहेब म्हणाले, पण सुनेने कागद घेतलेला होता. "मी खाली सही करणार… यांची पत्नी… मला कपड्यांतून येणाऱ्या कापसाच्या धुळीचा त्रास होत असल्याचे मी कारखान्याच्या दवाखान्यात स्वतः सांगितले आहे. या त्रासाबाबत कंपनीने आपुलकीने दिलेले यंत्र मिळाले. माझी अन्य काही तक्रार नाही."

"स्वतः सांगितले आहे," काकू म्हणाल्या. "हे मात्र खरं हो. मीच सांगितलं."

"कर ना मग सही," काका म्हणाले. "घोडं कुठे अडलंय?"

"हा कापूस नाही."

"अगं, आम्ही कापूसच म्हणायचो. तीस वर्षं म्हणायचो. मला काही झालं का? दणदणीत आहे मी."

"तुम्ही पोती फाडायचात आणि घरी यायचात. मी झटकायची. तोंडासमोर धरून."

साहेब खाकरले. बारीक आवाज आणखी बारीक झाला. "काकू, शब्दांत काय आहे? दवाखान्यात जे लिहिलंय तेच यात आलंय. उगीच नवा शब्द घातला की वरचे लोक दहा प्रश्न विचारतात. आणि तुमचा मुलगा आपल्याकडेच आहे ना? अजून कायम व्हायचाय तो."

हे वाक्य कुठून आलं आणि कुठे लागलं ते सगळ्यांना कळलं. सुनेने कागद पटकन जमिनीवर ठेवला, चटका बसल्यासारखा.

काकू खुर्चीचे हात धरून उठल्या. उठून उभं राहायला त्यांना आता वेळ लागत असे. मधे एकदा थांबावं लागे. "तू शेजारी जाऊन बस जरा," त्या सुनेला म्हणाल्या.

"आई, मी…"

"जा म्हणतेय ना. मी हाक मारेपर्यंत येऊ नकोस."

ती गेली. काकूंनी खिडकीची दोन्ही दारं उघडली, ओला पंचा नाकातोंडाला गुंडाळला, गॅलरीतून बरणी आणली आणि मागोमाग आलेल्या काका-साहेबांसमोर स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवली. आत पाण्यात तो पांढरा गोळा तरंगत होता, शांतपणे, एखादं गर्भातलं काही असावं तसा.

"हा आमच्या मशीनच्या नळीतून निघालेला," त्या म्हणाल्या आणि त्यांनी झाकणाला हात घातला.

झाकण अजून फिरलंही नव्हतं. कल्याणसाहेब दोन पावलं मागे सरले. खिशातून रुमाल निघाला, घडी उलगडली आणि नाकावर दाबून बसला. सगळं इतक्या सवयीने झालं की त्यांना स्वतःलाही ते उशिरा कळलं.

काकांना कळलं. ते ओट्याशी उभे होते, तोंड उघडं, हात कमरेवर. त्यांनी साहेबांच्या रुमालाकडे पाहिलं. मग बरणीकडे. मग पुन्हा रुमालाकडे. तीस वर्षं ते पोती फाडत होते आणि या माणसाने त्यांच्या खात्यात येऊन दर महिन्याला कल्याणाची भाषणं दिली होती, दारात उभं राहून. कायम दारात. आत कधी आले नाहीत. काकांना आजवर वाटत होतं, साहेबांना कपडे मळवायचे नसतात.

"साहेब," काका म्हणाले, "तुम्ही रुमाल का लावलात?"

साहेबांनी रुमाल आणखी घट्ट दाबला.

काकूंनी झाकण उघडलं. चिमट्याने गोळ्यातला चिमूटभर तुकडा काढला, ओलाच, आणि गॅस पेटवून ज्योतीवर धरला. आधी चरचरला. पाणी उडालं. मग त्यातले धागे पेटले, पिवळे झाले, काळे झाले. शर्टाचे धागे, चादरींचे, मुलाच्या शाळेच्या गणवेशाचे, कसकसले वर्षानुवर्षांचे. वास आला जळलेल्या चिंधीचा. मग ज्वाळा विझली आणि चिमट्याच्या टोकाशी एक बारीकसा झुपका राहिला. तो तांबडा झाला. काकूंनी आणखी धरला. तांबडाच राहिला. मग त्यांनी गॅस बंद केला आणि तो पुन्हा पांढरा झाला. स्वच्छ, मऊ, होता तसा.

"कापूस होता तेवढा जळून गेला," काकू पंच्याआडून म्हणाल्या.

त्यांनी झुपका पुन्हा पाण्यात सोडला, झाकण घट्ट फिरवलं. एवढ्याने त्यांचे ओठ निळसर झाले होते. काकांनी पुढे होऊन त्यांना दंडाला धरलं, खुर्चीपर्यंत नेलं, उश्या नीट केल्या. मग जमिनीवरचा कागद उचलून त्यांच्या मांडीवर ठेवला आणि 'कापूस' या शब्दावर पेन आडवं ठेवलं.

"अहो, पोराची नोकरी…" काकूंनी त्यांच्याकडे बघितलं.

"जाईल तर जाईल," काका म्हणाले. "पाठीवर अक्षरं काढायचा तो."

साहेबांनी रुमाल घडी करून खिशात ठेवला. आता तो ठेवून काही उपयोग नव्हता. ते दाराकडे बघत होते, पण फाइल टेबलावर राहिली होती आणि कागद काकूंच्या मांडीवर होता, म्हणून त्यांना जाताही येत नव्हतं.

"काकू," ते म्हणाले, "तुम्हाला नक्की काय हवंय? मोठं मशीन हवंय का? अजून काही? तुम्ही सांगा, मी वर बोलतो."

काकूंनी श्वास जमवला. दोनदा घेतला, तिसऱ्यांदा बोलण्यापुरता झाला.

"मशीन कुठलंही पाठवा, नाही तर पाठवूही नका. पोराचे कपडे तुमच्या फाटकाबाहेर यायला नकोत, म्हणून माझं एकच मागणं आहे. या ओळीतला 'कापूस' हा शब्द खोडा आणि तिथे त्याचं खरं नाव लिहा."